बाईची बाटली, उंदराची बाटली

मद्रासला मी गेले नवऱ्याच्या बदलीमुळे, आणि कॅन्सरच्या पेशी वाढवायला लागले ते घरात बसून कंटाळले म्हणून. थोर हेतू वगैरे काही नव्हता. नवरा केंद्र सरकारच्या कचेरीत. माम्बलममध्ये दोन खोल्यांचं बिऱ्हाड. खालच्या मजल्यावरची घरमालकीण माझ्याशी तमिळमध्ये बोलायची, मी तिच्याशी मराठीत, आणि एकमेकींचं काहीच कळत नसल्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. पुण्याहून प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. करून आलेली मी सहा महिने सांबार शिकले. ते काही जमलं नाही. मग सैदापेटला एका ट्रस्टच्या रुग्णालयात नवी प्रयोगशाळा निघाली आहे असं कळलं आणि मी अर्ज केला.

मुलाखतीत डायरेक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. "तुमचा हात थरथरतो का?" आणि "तुम्हाला वारंवार शिंका येतात का?" दोन्हींना मी नाही म्हटलं आणि नोकरी लागली.

डायरेक्टर परदेशात चौदा महिने राहून आले होते, पण बोलण्यावरून ऐकणाऱ्याला ती चौदा वर्षं वाटत. मद्रासच्या मे महिन्यात ते गळ्याला बो बांधत. परतताना त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, एक छोटी बाटली आणली होती. त्यात उंदराच्या पेशी होत्या. तिकडे कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी एका उंदराच्या कातडीखालचा तुकडा काचेत ठेवला, आणि त्या पेशी मरायचं विसरूनच गेल्या. खायला घाला, वाढतात. दोन बाटल्यांत वाटा, दोन्हीत वाढतात. अशा न संपणाऱ्या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात. डायरेक्टरांना उंदराच्या लाइनीत काडीचा रस नव्हता, ती सरावापुरती होती. त्यांना हवी होती भारतीय बाईच्या स्तनाच्या कॅन्सरची लाइन. ती मिळाली की नवी औषधं आधी बाटलीतल्या पेशींवर घालून पाहायची, मग बायांना द्यायची. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते. पण त्या लाइनीला आपल्या आडनावाची आद्याक्षरं द्यायची हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. बारसं आधी आणि बाळंतपण नंतर, असा सगळा कारभार.

बाळंतपण माझ्याकडे. ऑपरेशन झालं की स्टीलच्या डब्यातून गाठीचा तुकडा यायचा. तो मी दोन सुऱ्यांनी चिरायची, बाळंतिणींच्या नाळेतल्या रक्ताचं पाणी आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचा रस घातलेल्या द्रवात ठेवायची, आणि बाटली अंगाच्या तापमानाला ठेवलेल्या कपाटात जायची. आठवडाभर पेशी काचेला धरून राहायच्या, जरा पसरायच्या, मग एकेक करून सुटून तरंगायला लागायच्या. दर वेळी हेच. डायरेक्टर दर वेळी म्हणत, "तुम्ही श्वास जोरात घेता."

एका पावसाळ्याच्या शेवटी ट्रिप्लिकेनच्या मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या टीचर ऑपरेशनला आल्या. पन्नाशीच्या, तंजावरकडच्या मराठी घरातल्या, लग्न न केलेल्या. मी महाराष्ट्रातली आहे हे नर्सकडून कळल्यावर त्यांनी मला वॉर्डात बोलावून घेतलं.

"तूं पुण्याची का मा?" त्या म्हणाल्या. "बोल पाहूं कांहीं. नवी मराठी कशी आहे तें ऐकायचें आहे मज."

त्यांची मराठी ऐकताना कुणी पोथी वाचतंय असं वाटे, पण मधूनमधून त्या पोथीत तमिळ पाहुणे येऊन बसलेले. वाक्य संपताना सूर वर जायचा. माझी मराठी ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "फार घाईची आहे. कोण्ही पाठीं लागलें आहे का तुमच्या?"

त्यांना झालंय काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भावानं डॉक्टरांना बजावलं होतं, तिला नुसती 'गाठ' म्हणा. त्या काळी तशीच रीत होती. बाई वर्गात चाळीस मुलींना बीजगणित शिकवत होती, पण स्वतःच्या छातीतलं तिला झेपणार नाही असं आयुष्यभर गणितात नापास झालेल्या त्या भावानं ठरवलं. आणि मीही काही बोलले नाही. त्यांच्या गाठीचा तुकडा माझ्या कपाटात होता, आणि मी त्यांच्या पलंगाशी बसून पुण्याच्या थंडीचं वर्णन करत होते.

तो तुकडा मात्र इतरांसारखा नव्हता. पेशी फरशा बसवल्यासारख्या चपट्या, एकमेकींना चिकटून पसरल्या. दोन महिने टिकल्या. डायरेक्टर दिवसातून तीनदा येऊन सूक्ष्मदर्शकात बघायचे. पण जानेवारी उजाडता उजाडता त्याही सुटायला लागल्या.

त्याच जानेवारीत शहरात हिंदीविरोधी आंदोलन पेटलं. स्टेशनांवरच्या पाट्यांवरची हिंदी अक्षरं डांबरानं पुसली जात होती. आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट अतिशय घाबरट गृहस्थ. रुग्णालयात देवनागरीत लिहिलेलं काय काय आहे याची त्यांनी यादी केली. एक रेल्वेचं कॅलेंडर निघालं, आणि माझ्या बाटल्या. कारण मी काचेवर मेणाच्या पेन्सिलीनं मराठीत लिहायची: एकीवर 'बाई', दुसरीवर 'उंदीर'.

"हे पुसा," ते इंग्रजीत म्हणाले.

"सर, ही मराठी आहे."

"जमाव आला तर तुम्ही त्याला व्याकरण समजावणार का?"

जमाव रुग्णालयात शिरेल, बंद कपाट उघडेल आणि त्यातल्या वीतभर बाटल्या वाचेल, अशी त्यांची कल्पना होती. मी हसले. पण पुसलं. ट्रेमध्ये डावीकडे बाई, उजवीकडे उंदीर, हे मनात पक्कं केलं, दोघींना खाऊ घातलं आणि उद्या इंग्रजीत लिहू म्हणून घरी गेले. मी गेल्यावर सुपरिंटेंडेंटांनी स्वतः ट्रे बाहेर काढला, एखादं अक्षर राहिलंय का ते चारी बाजूंनी पाहिलं आणि परत ठेवला. हे मला पुढे फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी बस नाही, आगगाडी नाही. नवऱ्यानं घराबाहेर पडू दिलं नाही. दहा-अकरा दिवसांनी मी कामावर पोहोचले. कपाट उघडलं. उजवीकडच्या बाटलीत तळाशी चार मेलेल्या खपल्या. डावीकडची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. पेशींना जागा पुरत नव्हती, एकीवर एक चढल्या होत्या.

आता खरं तेच सांगते. त्या पेशी चपट्या नव्हत्या, निमुळत्या होत्या. आणि उंदराच्या पेशी त्याआधी कधीच मेल्या नव्हत्या. अर्धं मिनिट माझ्या मनात शंका आली. पण तेवढ्यात डायरेक्टर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी मला बाजूला सारून डोळा लावला, आणि जरा वेळानं वर पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर "सर, मला वाटतं" असं सुरू होणारं वाक्य बोलायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नव्हतं. शिवाय मलाही ती लाइन हवी होती. श्वास जोरात घेणारी बाई म्हणून किती दिवस राहायचं?

"त्यांचं रूपांतर झालं," डायरेक्टर म्हणाले. "अमर व्हायच्या आधी पेशी रूप बदलतात. उपाशी ठेवल्यामुळे झालं हे. मी तिकडे असं वाचलं होतं."

पुढचं सगळं वेगानं झालं. एका बाटलीच्या दहा बाटल्या झाल्या, काही दुसऱ्या लॅबनाही पाठवल्या. आद्याक्षरं चिकटली. बो बांधलेला फोटो इंग्रजी वर्तमानपत्रात आला आणि खाली मजकूर: ट्रिप्लिकेनमधल्या, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या एका शिक्षिकेच्या स्तनाच्या कॅन्सरपासून अमर पेशी. नाव दिलं नव्हतं, हे डायरेक्टर स्वतःच्या सभ्यतेचं उदाहरण म्हणून सांगत. ट्रिप्लिकेनमध्ये अशा शिक्षिका किती असतील, हा हिशेब गणिताच्या टीचरनं नाश्त्याच्या वेळी केला.

दुपारी त्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. हातात कात्रण, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि कात्रण टेबलावर ठेवलं. 'कॅन्सर' या शब्दाखाली एक रेघ होती, 'अमर'खाली दोन.

"हें माझेंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो टीचर."

"तुज ठाऊक होतें?"

"हो."

"वॉर्डांत येऊन बसत होतीस तेव्हां?"

"तेव्हाही," मी म्हटलं. त्यांनी कात्रणाची घडी घातली. मग शाळेतल्यासारख्या सुरात म्हणाल्या, "मज कॅन्सर झाला हें मज पेपरांत वाचावें लागलें. आणि मी अमर झालें, तेंही मज न पुसतां. दाखीव मग. अमर झालेली मी कशी दिसतें पाहूं दे."

मी सूक्ष्मदर्शक लावून दिला. त्या खूप वेळ बघत राहिल्या. एक हात नकळत पदराखाली, ऑपरेशनच्या जागी गेला होता. "फार दाटीनें बसल्या आहेत," शेवटी म्हणाल्या. "शिस्त नाहीं."

त्यानंतर तपासणीला आल्या की त्या आधी माझ्याकडे येत. कधी मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, आणत, मला. पेशींकडे पाहून एखाद्या वांड वर्गाबद्दल बोलावं तसं बोलत. "माझ्या अंगांत असतां मजशीं भांडत होत्या. आतां बाहेर राहून कामास येताहेत तर येऊं देत." डायरेक्टर त्या पेशींवर मुळ्या, साली, नवी रसायनं काय काय घालून पाहत होते. एका सालीच्या काढ्यानं पेशी पटापट मेल्या तेव्हा टीचरनी शाळेत पेढे वाटले. आपल्यामुळे औषध सापडलं असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटायला आम्हीच लावलं होतं.

दीड वर्षानं मला तीन आठवडे मुंबईला शिकायला पाठवलं: पेशीतली गुणसूत्रं पसरून मोजायची कशी. परत येऊन मी पहिल्यांदा आमचीच लाइन घेतली. खरं तर कौतुकानं घेतली. माणसाची गुणसूत्रं काचेवर पसरली की बरीचशी फुलीसारखी दिसतात, मध्ये कंबर आणि चार बाजूंना हातपाय. मी डोळा लावला. फुल्या जवळजवळ नव्हत्याच. सगळीकडे केसात खोवायच्या पिना सांडल्यासारख्या दिसत होत्या, एका टोकाला जोडलेल्या. अशी गुणसूत्रं कुणाची, ते मुंबईला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. उंदराची.

दुसरी बाटली घेतली, तिसरी घेतली. पिनाच पिना. मग मी सुपरिंटेंडेंटांकडे जाऊन त्या जानेवारीतल्या दिवसाबद्दल विचारलं. "हो, ट्रे मी काढला होता की," ते अभिमानानं म्हणाले. "एक अक्षरही राहू दिलं नाही."

"ठेवताना तोंड कुठल्या बाजूला केलं होतं?"

"ट्रेला तोंड असतं का?"

काचा घेऊन मी डायरेक्टरांपुढे गेले. ते बघायला तयारच नव्हते. "कॅन्सरची गुणसूत्रं विकृत असतात, हे तुम्हाला मुंबईत शिकवलं नाही?"

"विकृत असतात सर. पण इतकी उंदरासारखी नसतात."

"तुमचं तंत्र चुकलं असेल."

"उंदराची समजून टाकलेली ती मेलेली बाटली बाईची होती, सर. मीच ती वाफेत घालून धुतली."

त्यांनी बो सैल केला. तेवढ्या एका क्षणी मला त्यांची दया आली. मग ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात ट्रस्टचा समारंभ आहे. मंत्री येणार आहेत. त्यानंतर बघू." आणि काचा माझ्याकडे सरकवत, "आपण ज्या लॅबना पेशी पाठवल्या त्यांची काही तक्रार नाही." तक्रार कशी असणार? उंदीर उत्तम वाढत होता.

मी आठ दिवस झोपले नाही नीट. मग एका शनिवारी ट्रिप्लिकेनला टीचरच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं, माझ्या त्या अर्ध्या मिनिटासकट. त्या वह्या तपासत होत्या. पेन्सिल खाली ठेवली. आधी त्या हसल्या, इतक्या की पदरानं डोळे पुसावे लागले. "दीड वरीस मी उंदरास शिस्त लावत होतें!" मग हसू थांबलं. आणि चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तर माझ्या कधीं मेल्या?"

"त्या बंदच्या दिवसांत. नक्की कधी, सांगता येत नाही."

"आणि तो काढा? ज्यानें मरत होत्या?"

"तो उंदराच्या पेशींना मारतो, टीचर. तुमच्या पेशींचं काय झालं असतं ते माहीत नाही."

"वॉर्डांत कुण्या बाईस दिला नाहीं ना अजून?"

हा प्रश्न डायरेक्टरांनी विचारला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता. काढा पुढच्या वर्षी बायांना द्यायचा बेत होता. मी तसं सांगितलं. टीचर उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "समारंभाचें आमंत्रण मज आहे. पेशींची आई म्हणून शाल देणार आहेत."

समारंभाला मंडप, नादस्वरम्, हार, सगळं होतं. डायरेक्टरांनी पडद्यावर पेशी दाखवल्या. मंत्र्यांनी त्या उलट्या आहेत का असं विचारलं. मग टीचरना व्यासपीठावर बोलावून शाल घातली. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला, कारण बोलणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. टीचर माइकपाशी गेल्या आणि स्वच्छ तमिळमध्ये बोलल्या. मला तोवर तेवढी तमिळ कळायला लागली होती.

"ही शाल मी घेऊ शकत नाही. या पेशी माझ्या नाहीत. बाटल्यांची अदलाबदल झाली आहे, त्या उंदराच्या आहेत. डॉक्टरांनी ते तपासावं, आणि तपासून होईपर्यंत तो काढा कुणाही बाईला देऊ नये. माझ्या वर्गात उत्तर चुकलं तर मी खोडायला लावते. खोडण्यात लाज नाही." शाल घडी करून त्यांनी टेबलावर ठेवली. "एखाद्या उंदराला ही फार मोठी होईल."

मंडप खो-खो हसला. मंत्री सगळ्यांत जास्त हसले. लोकांना वाटलं, बाई विनोदी आहे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'शिक्षिकेचं खुसखुशीत भाषण' असं आलं. मी मागच्या रांगेत बसले होते, आणि सत्य इतकं मोठ्यानं सांगूनही कुणाच्या कानात शिरत नाही हे बघत होते.

पण व्यासपीठावर एक माणूस हसला नव्हता. ट्रस्टचे म्हातारे अध्यक्ष. त्यांची बायको याच आजारानं गेली होती. सोमवारी त्यांनी काचा मागवल्या, आणि त्या पाहायला बाहेरून एक माणूस बोलावला. त्यालाही पिनाच दिसल्या. काढा थांबला. लाइन नष्ट करण्यात आली. रुग्णालयाच्या अहवालात एक ओळ छापून आली की वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे सदर पेशी गमावल्या. बिचारं वीजमंडळ! ज्यांना आम्ही पेशी पाठवल्या होत्या त्यांना पत्रं पाठवायला हवीत असं मी म्हटलं. डायरेक्टर म्हणाले, अहवाल सगळ्यांना जातोच. शेवटी मी आणि टीचरनी मिळून पत्रं लिहिली. इंग्रजी त्यांचं, सही माझी. दोघांची उत्तरं आली. एकानं लिहिलं होतं, कळवल्याबद्दल आभार, पण आमचे प्रयोग छान चालले आहेत, तेव्हा आम्ही त्या पुढेही वापरू.

डायरेक्टरांना वर्षभरात दिल्लीला मोठी जागा मिळाली. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझं नाव घेतलं आणि माझ्या हाताला कंप नाही याचं कौतुक केलं. माझी बदली आधीच काचसामान धुण्याच्या खोलीवर देखरेख करायला झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी मला परत पेशींकडे आणलं, ते मुख्यतः दुसरं कुणी ते काम करायला तयार नव्हतं म्हणून.

त्यांनी मला एकच अट घातली: काय ते बाटलीवर कोरून लिहा, पुसता येणार नाही असं. मी आणखी एक अट माझी मला घातली. तुकडा घ्यायच्या आधी बाईला जाऊन सांगायचं, तुम्हाला काय झालंय आणि मला काय हवंय. पहिल्यांदा गेले ती एन्नोरकडची मासे विकणारी बाई. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी पंधरा मिनिटं बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांना रोज खायला कोण घालणार?"

"मी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हा फार बारीक होते.

"नको," ती म्हणाली.

मी वॉर्डातून परत आले आणि त्या दिवशी धुतलेली बाटली रिकामीच कपाटात ठेवली.